फोटोवरून चिलटं ओळखायची म्हणजे नक्की काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय ते. सांगलीत हरिपूर रोडच्या अंगाला तुमचं तिसऱ्या मजल्यावर घर आहे. होळी झाल्यापासून रोज दिवे लागले की ट्यूबलाईटभोवती आणि खालच्या भिंतीवर हिरवट बारीक किडे येऊन बसतात, सकाळी झाडू मारला की खिडकीखाली मूठभर निघतात. तुम्ही मोबाईलवर पाच फोटो काढलेत, ओळखणाऱ्या ॲपनं त्यांना तीन वेगवेगळी नावं दिली, त्यातलं एक डासाचं. इकडं लेकराच्या पायावर लाल गांधी उठतायत, सोसायटीतले म्हणतात धूरवाल्याला बोलवू, आणि तुम्हाला हवंय या किड्याचं नाव, फोटोवरून, शक्यतो जातीपर्यंत.

आधी सरळ उत्तर देतो. दोन आणि तीन नंबरच्या फोटोतला किडा कायरोनोमिड कुळातला आहे, म्हणजे न चावणारी चिलटं (कुळ म्हणजे बऱ्याच जातींचा मिळून मोठा गट). पाच नंबरचा वेगळाच आहे, ती बाथरूमच्या जाळीतून येणारी केसाळ माशी, ड्रेन फ्लाय म्हणतात तिला, तीही चावत नाही. एक आणि चारमध्ये मला भिंत दिसतीय आणि एक तपकिरी ठिपका दिसतोय, त्यावर कुणी काही सांगितलं तर तो अंदाज समजा. जातीपर्यंतचं नाव या फोटोंवरून मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर कशावरून म्हणून जरूर विचारा.

आता खरी अडचण. तुम्ही एक प्रश्न विचारलाय पण आत तीन आहेत: फोटोतलं कोण, चावतंय कोण, आणि धूर मारायचा का. पहिल्याचं उत्तर मिळालं की बाकीचे दोन आपोआप सुटतील असं वाटतं, आणि गडबड तिथंच होते. जो उजेडात पांढऱ्या भिंतीवर शांत बसतो त्याचा फोटो येतो. जो चावतो तो टेबलाखाली पायाशी असतो, रक्त पिऊन झालं की पडद्यामागं नाहीतर पलंगाखाली जाऊन बसतो, त्याचा फोटो कुणाकडंच नसतो. म्हणून फोटोत जो सापडला त्याच्यावर आळ येतो.

मी पीक संरक्षणाचा सल्ला देतो, तासगाव-पलूसकडची द्राक्षं, जत-आटपाडीकडची ज्वारी-डाळिंब असा पट्टा. सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की किड्यांचे फोटो आलेलेच असतात, त्यातल्या बऱ्याच फोटोत किडा कमी आणि अंगठा जास्त. तरी त्यावरून फवारणी ठरवायची असते, पैसे लागलेले असतात, त्यामुळं फोटोत काय दिसतंय आणि काय दिसत नाही हे वेगळं काढायची सवय लागून गेलीय. तीच पद्धत इथं सांगतो.

तुमचा तीन नंबरचा फोटो घ्या. बाजूनं काढलाय, पांढऱ्या भिंतीवर, डोकं आणि पुढचे पाय फोकसमध्ये आहेत. मी सगळ्यात आधी मिशा बघतो. याच्या मिशा दाट केसाळ आहेत, बाटली धुवायच्या ब्रशासारख्या. एवढ्यावर दोन गोष्टी कळल्या, एक म्हणजे हा नर आहे, आणि दुसरं म्हणजे ही घरमाशी किंवा फळांवरची माशी यांच्या बाजूची मंडळी नव्हेत, कारण त्यांच्या मिशा अगदी आखूड असतात आणि त्यावर एकच बारीक केस असतो. पण इथं थांबलात तर फसाल. डासाच्या नरालाही अशाच केसाळ मिशा असतात. तुमच्या ॲपनं बहुतेक इथंच डासाचं नाव काढलं असणार.

म्हणून पुढं तोंड. डासाला पुढं लांब सोंड असते, नराला पण असते आणि मादीला पण, फक्त टोचून रक्त प्यायचं काम मादीच करते. तुमच्या फोटोत डोक्याखाली असं काही पुढं आलेलं नाही. कायरोनोमिडच्या प्रौढांचं तोंड पार खुरटलेलं असतं, बहुतेक जण काही खातच नाहीत, खाल्लंच तर फुलातला रस नाहीतर माव्याचा चिकटा. थोडेच दिवस जगायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं. म्हणजे तोंड नीट दिसलं तर चावण्याचा प्रश्न तिथंच निकालात निघतो, नाव नंतर कळलं तरी चालतंय.

मग पंख आणि पोट. यात पंखाचं टोक पोटाच्या टोकाच्या अलीकडंच संपलंय, पोट मागं बाहेर आलंय. डासाचे पंख पोटाच्या पुढं जातात किंवा बरोबरीनं तरी असतात, आणि पंखाच्या कडेला व शिरांवर बारीक खवले असतात, ते चांगल्या फोटोत झालरीसारखे दिसतात. तुमच्या फोटोत पंख स्वच्छ आहे.

आणि बसायची पद्धत. याचे पुढचे दोन पाय वर उचललेले आहेत, हवेत, समोर. डास बसला की बहुतेकदा मागचे पाय वर उचलतो. ही खूण एकटीवर विसंबायची नाही, एखादा पाय तुटलेला असतो, एखादा किडा नुकताच येऊन बसलेला असतो, पण बाकीच्या खुणांच्या जोडीला ती फार उपयोगी पडते, आणि धुरकट फोटोतही ती दिसते हे तिचं मोठं काम.

याच फोटोत अजून एक गोष्ट आहे, ती तुमच्या नशिबानं आलीय. पुढचा एक पाय पूर्ण सरळ दिसतोय. किड्याच्या पायाला मांडी, नडगी आणि मग पाच पेरांचं पाऊल असतं. नडगी आणि पावलाचं पहिलं पेर यांची लांबी मोजून बघा, स्क्रीनवर पट्टी लावली तरी चालतंय. इथं पहिलं पेर नडगीपेक्षा स्पष्ट लांब आहे. कायरोनोमिड कुळात जी मोठी उपकुळं आहेत त्यातल्या कायरोनोमिनी उपकुळाची ही खूण, ऑर्थोक्लॅडिनी आणि टॅनिपोडिनी या दोघांत ते पेर नडगीपेक्षा आखूड असतं. म्हणजे एका मोबाईल फोटोवरून आपण कुळाच्या खाली एक पायरी उतरलो. त्याच्या खाली उतरायला या फोटोत काही नाही.

दोन नंबरच्या फोटोत मादी आहे, मिशा साध्या, पोट जाड. मादीच्या बाबतीत जपून राहावं लागतं, कारण चावऱ्या चिलटांशी घोळ होतो तो इथंच. पण तुमच्या फोटोत नकळत मापाची सोय झालीय, किडा टाईलवर बसलाय आणि शेजारी जॉइंटची रेघ आलीय. ती साधारण दोन-तीन मिमीची असते, किडा तिच्या दुपटीहून लांब दिसतोय. चावरी चिलटं, क्युलिकॉइडीस म्हणतात ती, एकूण एक ते तीन मिमीचीच असतात. म्हणजे नुसत्या मापानं ती बाद झाली.

आता तुमच्या घराकडं या. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, उन्हाळ्यात पाणी उतरतं, प्रवाह मंदावतो, काठाला गाळ उघडा पडतो, त्यात शहराचं सांडपाणी येतं ते वेगळंच. कायरोनोमिड कुळातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या अशा गाळात बारीक नळ्या करून राहतात, आणि त्यातल्या काही लालभडक असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळं ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यातही त्या तगतात, जिथं त्यांना खाणारे बाकीचे प्राणी टिकत नाहीत. सांगली काय, साताऱ्यात काय, दर उन्हाळ्यात कुणीतरी घाबरून विचारतंच की टाकीत लाल अळ्या झाल्यात, पोटात गेल्या तर काय होईल. त्या याच. प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्यांना त्या आठवत असतील, लाळग्रंथी काढून स्लाईडवर चिरडायच्या आणि जाडजूड गुणसूत्रं बघायची हे प्रॅक्टिकल याच अळ्यांवर चालतं, बाल्बियानी नावाच्या शास्त्रज्ञानं १८८१ साली ती पहिल्यांदा बघितली तीही कायरोनोमस या याच कुळातल्या एका गटाच्या अळीत.

हे सगळं सांगितलं कारण ठिकाण, महिना आणि वेळ ही माहिती फोटोइतकीच कामाची असते. नदीकाठ, उन्हाळा, दिवेलागण, ट्यूबलाईट, पांढरी भिंत, एकदम शेकड्यांनी, हिरवट अंग: हे वाचूनच माझ्या मनात कायरोनोमिड आलं होतं, फोटोनं ते पक्कं केलं. उलट नुसता क्रॉप केलेला फोटो पाठवून कुणी ओळखा पाहू म्हटलं की निम्मा पुरावा त्यांनीच कापून टाकलेला असतो.

ॲपबद्दल विचारलंत म्हणून. ॲप वाईट नाही, मीही वापरतो. पण त्याला ज्या फोटोंवर शिकवलंय त्याकडंच ते झुकतं, आणि चिलटांचे नाव लावलेले फोटो जास्त युरोप-अमेरिकेतले आहेत, त्यामुळं कृष्णाकाठच्या चिलटाला ते बिनधास्त कायरोनोमस प्लुमोसस म्हणून मोकळं होतं, जी थंड प्रदेशातली जात. आपल्याकडं कायरोनोमस सर्कमडॅटस, कायरोनोमस स्ट्रायाटिपेनिस, पॉलिपेडिलम नुबिफर अशा जाती नोंदलेल्या आहेत आणि सामान्य माणसाला फोटोत त्या एकमेकांपासून वेगळ्या काढता येणं अवघड. ॲपनं कुळाचं नाव दिलं तर ते धरा आणि वरच्या खुणांनी पडताळा. जातीचं दिलं तर सोडून द्या.

मग जातीपर्यंत जातात कसे, असं कुणीतरी विचारणारच. या कुळात जगभरात सात हजारांच्या आसपास जाती वर्णन झालेल्या आहेत. त्या वेगळ्या करायला नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव बघावे लागतात, त्यासाठी किडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग टोकाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये ठेवून आतलं मांस विरघळवायचं, स्लाईडवर बसवायचं आणि मायक्रोस्कोपखाली काट्या-आकड्यांची ठेवण बघायची. नाहीतर डीएनए बारकोडिंग, सीओवन जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधीच्या नोंदींच्या साठ्याशी ताडायचा, पण साठ्यात ती जातच नसेल तर तिथंही उत्तर अडतंय. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, अभ्यासासाठी हवं असेल तर नमुना आणि नोंदी घेऊन तिथं विचारता येतं. घरातल्या त्रासासाठी एवढं करायची काही गरज नाही.

कोणत्या पायरीला थांबायचं हे तुम्हाला नाव कशासाठी हवंय त्यावर ठरतं. तुमच्यासाठी कुळ पुरे, कारण चावत नाही हे कुळावरच कळलं. शेतकऱ्याला कधी कुळ पुरतं, कधी नाही. तासगावकडच्या एका बागाईतदारानं मला सकाळी सकाळी फोटो पाठवला, पानाच्या खालच्या बाजूला चिलटंच चिलटं, आणि पंप भरून तयार. मी विचारलं बागेशेजारी शेततळं आहे का, तर होय, प्लास्टिक अंथरलेलं, तळाला दोन बोटं गाळ. पानावर खाल्ल्याची, खरवडल्याची, रस शोषल्याची एक खूण नव्हती, मिशा ब्रशासारख्या. रात्री तळ्यातून निघालेली चिलटं सकाळी सावलीला पानाखाली बसली होती एवढंच. फवारणी वाचली. त्याच बागेत फुलकिडे असते तर उत्तर वेगळं आलं असतं, आणि फुलकिडे फोटोत चिलटांसारखे दिसतही नाहीत, अंगानं चिंचोळे असतात आणि पंखांच्या कडेला केसांची झालर.

गादमाशीचं, म्हणजे झाडाला गाठी-पुळ्या आणणाऱ्या माशीचं, मात्र पूर्ण उलटं असतंय. ही सेसिडोमायिडी कुळातली, दोन-तीन मिमीची, पाय लांब आणि नाजूक, मिशा मण्यामण्यांच्या, पंखात शिरा अगदी मोजक्या. कुळ कळतं, पण हजारो जाती दिसायला सारख्या. इथं मी माशीचा फोटो मागतच नाही, झाडाचा मागतो. कारण बहुतेक गादमाश्या एका ठरावीक झाडावर किंवा त्याच्या जवळच्या नात्यातल्या झाडांवरच जगतात, आणि झाडाच्या त्याच भागात तीच खोड करतात. आंब्याच्या पानावर बारीक गोल पुळ्या, तोंडलीच्या वेलाला गाठी, भाताच्या चुडात पोंग्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पांढरट नळी, हे दिसलं की माशी न बघता नाव सांगता येतं. ज्वारीवरची मिजमाशी तर याचं चांगलं उदाहरण. मादी नारिंगी रंगाची, एखाद-दुसरा दिवस जगते, कणीस फुलोऱ्यात असताना सकाळच्या वेळी फुलांत अंडी घालते, आणि शेतकऱ्याच्या लक्षात येईपर्यंत ती मरून गेलेली असते. कणीस वरून धड दिसतं, दाबलं की पोकळ. पण दाण्याच्या तुसाच्या टोकाला बारीक पांढरी कात चिकटलेली राहते, कोषातून माशी बाहेर पडताना सोडून गेलेली. त्या कातीचा एक जवळचा फोटो मला माशीच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

आणि जिथं कुळाच्याही पुढं जाऊन नेमकं बघावं लागतं ती जागा म्हणजे मेंढरांचा वाडा. जतच्या माडग्याळकडं, माणदेशात, पावसाळ्यात आणि पाऊस सरतानाच्या दिवसात मेंढ्यांना ताप, ओठ सुजणं, तोंडातून लाळ, लंगडणं, जीभ निळसर पडणं असं सुरू झालं की नीलजिव्हा रोगाची शंका येते. तो एका मेंढीकडून दुसरीकडं नुसत्या शिवण्यानं जात नाही, क्युलिकॉइडीस चिलटं चावून तो पसरवतात, आणि ती ओल्या शेणात, चिखलात, गोठ्याच्या पाण्याच्या डबक्याकाठी वाढतात. त्यांच्या फोटोत तीन गोष्टी बघायच्या. बसलेली असताना पंख पोटावर सपाट, एकावर एक. पंखांवर बहुतेकदा राखाडी-पांढरे डाग, जातीनुसार त्यांची नक्षी बदलते. आणि पंखाच्या मधून टोकाकडं जाणारी शीर दोन फाट्यांत फुटलेली, कायरोनोमिडमध्ये ती एकेरी असते. डाग आणि फाटा दोन्ही दिसायला पंख सपाट आणि फोकसमध्ये लागतो, भिंतीवर उडता उडता काढलेल्या फोटोत ते येत नाही. बाकी क्युलिकॉइडीसच्या कुळातले सगळेच रक्तपिपासू असतात असंही नाही हं, कोकोच्या फुलांचं परागीभवन करणारी चिलटं याच कुळातली, म्हणजे चॉकलेट खाताना त्यांचे आभार मानायला हरकत नाही.

अजून दोन-तीन घोळ उरतात ते पटकन सांगतो. तुमची पाच नंबरची केसाळ माशी, पंख रुंद आणि पानासारखे, अंगभर लव, टाईलवर चिकटून बसते. तिच्याच कुळातली वाळूमाशी मात्र चावते, ती बारीक पिवळट असते आणि बसताना पंख वर उभे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरते, हा फरक धुरकट फोटोतही कळतो. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात जो विषाणू सापडला आणि त्याच गावाचं नाव मिळालं, तो पसरवण्याचा आरोप या वाळूमाशीवरच आहे, म्हणून हा एक घोळ मी कधी हलक्यात घेत नाही. केळी पिकली की ताटाभोवती फिरणारी लाल डोळ्यांची चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. कुंडीतल्या ओल्या मातीतून, नर्सरीच्या कोकोपीटमधून उठणारी काळपट ती सायारिड. आणि उन्हात डोळ्यापुढं घोंघावणारी, हाकललं तरी परत येणारी, ती डोळ्यातल्या ओलाव्यासाठी आलेली असतात, ती वेगळ्याच कुळातली.

आता फोटो कसे काढायचे ते जरा सविस्तर, कारण बऱ्याच जणांचं इथं चुकतं. झूम करू नका. मोबाईलचा झूम फोटो ताणतो, तपशील वाढवत नाही. कॅमेऱ्यावर चिमट्यानं लावायची छोटी मॅक्रो लेन्स मिळते, ती लावली की मोबाईल किड्याच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि फोकसचा पट्टा कागदाएवढा पातळ होतो, त्यामुळं कोपर भिंतीला टेकवा, श्वास रोखा, आणि मोबाईल पुढंमागं अगदी हळू सरकवत एकापाठोपाठ एक भरपूर फोटो काढा, त्यातला एखादाच चांगला येतो, बाकीचे खुशाल उडवा. फ्लॅश लावायचा तर त्याच्यापुढं बटर पेपरचा तुकडा धरा, नाहीतर पंख चकाकून शिरा गायब होतात.

किडा हलतोय म्हणून वैतागू नका. पारदर्शक झाकणाच्या डबीत पकडा, फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, पाच-सात मिनिटं ठेवा, सुस्त होतो. मग लेकराच्या आलेखाच्या वहीच्या कागदावर ठेवा, एक चौकोन १ मिमीचा, माप फोटोतच येतं. तीन बाजूंनी हवेत: वरून, बाजूनं, आणि तोंडासमोरून. वरून पंख आणि पाठ कळते, कायरोनोमिडच्या पाठीच्या शेवटी मधोमध एक उभी खाच असते ती पण वरूनच दिसते. बाजूनं पाय आणि पंखाची पोटाशी तुलना. समोरून मिशा आणि सोंड आहे का नाही. खिडकीखाली सकाळी मेलेले सापडतात त्यातला एक घेऊन सुईनं पंख अलगद सोडवला, पारदर्शक चिकटपट्टीवर ठेवून काचेच्या पट्टीवर चिकटवला आणि मागून उजेड दिला तर शिरा इतक्या स्वच्छ दिसतात की माझं अर्धं काम तिथंच होतं. इलेक्ट्रिक बॅटनं मारलेला मात्र पाठवू नका, तो जळून गेलेला असतो, त्यात मिशाही उरत नाहीत.

पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून छोटा करतं आणि बारीक केस सगळे पुसले जातात. स्क्रीनशॉट तर अजिबात नको. सोबत एका ओळीत तारीख, वेळ, कुठं बसला होता, कुठल्या दिव्याखाली किंवा कुठल्या झाडावर, एकटा की झुंडीनं.

राहिलं लेकराचं. पायावरच्या गांधींना भिंतीवरची हिरवट चिलटं जबाबदार नाहीत एवढं नक्की. कोण आहे हे शोधायचं तर वेळ बघा, सकाळी उजाडल्यावर किंवा उन्हं उतरताना गुडघ्याखाली चावत असेल तर एडीस डासाचा संशय, पायावर पांढरे पट्टे असलेला काळा डास, डेंग्यूवाला, त्याची पैदास स्वच्छ साठलेल्या पाण्यात, कूलर, कुंडीखालची ताटली, उघडी बादली, फ्रिजच्या मागचा ट्रे. रात्री झोपेत चावत असेल तर क्युलेक्स डास, किंवा गादीतले ढेकूण, ते ओळीनं चावतात. गांधी सगळ्या उघड्या अंगावर आणि अगदी बारीक असतील आणि मच्छरदाणी लावूनही येत असतील तर चावरी चिलटं धरावी लागतात, साध्या मच्छरदाणीतून ती आत जातात, पण तिसऱ्या मजल्यावर, आसपास जनावरं नसताना, त्यांची शक्यता मला कमी वाटते. चावताना जे सापडेल ते काचेच्या बाटलीत पकडा, तो फोटो मला सगळ्यात जास्त हवाय. पुरळ वाढत असेल, पिकत असेल किंवा ताप असेल तर किड्याच्या मागं न लागता आधी मुलांच्या डॉक्टरांकडं न्या.

एक गोष्ट सोसायटीत सांगाच. कायरोनोमिड चावत नसली तरी मेलेल्यांची पूड उडून काही लोकांना शिंका, दमा उठू शकतो, सुदानमध्ये नाईलकाठी हा त्रास पूर्वीपासून नोंदलेला आहे. त्यामुळं खिडकीखाली साठलेली कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, घरात कुणाला दमा असेल तर नक्कीच.

धुराबद्दल माझं मत विचाराल तर पैसे वाया. धूर त्या क्षणी हवेत असलेल्या प्रौढांना मारतो, नदीच्या गाळातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि उद्या संध्याकाळी नवी तुकडी बाहेर येते. डेंग्यूचा रुग्ण सापडला तर धुराचं कारण वेगळं असतं, ते महापालिकेवर सोडा. तुमच्यासाठी कामाचं म्हणजे गॅलरीतला पांढरा दिवा बदलून पिवळसर मंद लावा, दिवेलागणीला दोन तास पडदे ओढा, आणि सोसायटीच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्चनं तळ बघा. तळाच्या गाळात लाल अळ्या वळवळताना दिसल्या तर निम्मी पैदास तुमच्याच गच्चीवर आहे, टाकी रिकामी करून गाळ घासून काढा, ओव्हरफ्लोच्या पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, झाकण घट्ट बसतंय का बघा. अळ्या नसतील तर सगळी नदीवरनंच येतायत, मग टाकीच्या मागं लागू नका, दिव्याचं आणि पडद्याचं तेवढं करा.

टाकीत काय दिसलं ते आणि चावणाऱ्याचा फोटो, दोन्ही पाठवा, डॉक्युमेंट म्हणून. एक आणि चार नंबरचे फोटो परत काढायची गरज नाही, त्याच भिंतीवरचे दिसतायत.